मोटारीतील वाटाड्या यंत्र : पारख कशी करावी?

मोटारीच्या पुढच्या काचेला रबरी वाटीने चिकटवायचे, तळहाताएवढा पडदा असलेले आणि ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा’ असे बोलून सांगणारे यंत्र भारतीय बाजारपेठेत २००० नंतरच्या दशकात दिसू लागले. पुढे मोबाइल फोननेच ही जागा बऱ्याच अंशी व्यापली आणि नव्या मोटारींत तर कारखान्यातूनच पडदा बसवून येऊ लागला. तरीही स्वतंत्र यंत्रे पूर्णपणे नाहीशी झालेली नाहीत. मालमोटारींचे चालक, दूरच्या प्रवासाला निघणारे मोटारसायकलस्वार आणि मोबाइलचे जाळे विरळ असलेल्या डोंगराळ भागात ये-जा करणारे लोक त्यांना पसंती देतात. रूप कोणतेही असो, घेणाऱ्यापुढील प्रश्न एकच असतो : हे यंत्र चांगले की वाईट हे कशावरून ठरवावे?

दुकानात हा निर्णय सहसा पडद्याचा आकार, आवाजातील गोडवा, किंमत आणि ‘इतक्या उपग्रहांशी जोडणी’ या जाहिरातीवर होतो. वस्तुतः या गोष्टींचे महत्त्व दुय्यम आहे. उपग्रहांचे संदेश जगात सर्वांना सारखेच व विनामूल्य मिळतात. ते टिपणारी चकतीही आज स्वस्त झाली आहे. एका यंत्राला दुसऱ्यापासून वेगळे करतो तो त्यात साठवलेला नकाशा आणि पत्ता शोधण्याची त्याची कुवत. या दोन्ही गोष्टी वरून दिसत नाहीत, आणि त्यामुळेच त्यांची पारख दुकानात होत नाही.

उपग्रह काय सांगतो?

अमेरिकेची जीपीएस ही स्थाननिश्चिती प्रणाली १९९५ मध्ये पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाली. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणारे किमान २४ उपग्रह तिच्यासाठी लागतात. उपग्रह मोटारीला ‘पाहत’ नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. तो केवळ स्वतःचे स्थान आणि स्वतःच्या अणुघड्याळातील वेळ सतत प्रक्षेपित करतो. संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून यंत्र त्या उपग्रहापासूनचे अंतर काढते. अशी चार अंतरे मिळाली की अक्षांश, रेखांश, उंची आणि यंत्राच्या साध्या घड्याळातील चूक या चार अज्ञात राशी सोडविता येतात. घड्याळात एक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरची चूक होते. यावरून या सर्व व्यवहारात काळमापनाला किती महत्त्व आहे हे समजेल.

नागरी वापरासाठीच्या संदेशात अमेरिका पूर्वी हेतुपुरस्सर दोष मिसळत असे. त्यामुळे स्थान शंभर मीटरपर्यंत चुकू शके. मे २००० मध्ये हा दोष काढून टाकण्यात आला आणि चूक वीस मीटरच्या आत आली. शंभर मीटरच्या चुकीने मोटार कोणत्या रस्त्यावर आहे हेच कळत नव्हते. वीस मीटरच्या आत ते कळू लागले. मोटारींसाठीच्या यंत्रांचा मोठा बाजार उभा राहिला तो या निर्णयानंतर. मोकळ्या आकाशाखाली आज साधा फोनही पाचेक मीटरपर्यंतची अचूकता देतो.

रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बायदू या प्रणालींचे संदेशही आताची यंत्रे टिपतात. अरुंद गल्लीत आकाशाची पट्टी जेवढी दिसते तेवढ्यातच चार उपग्रह मिळावे लागतात, म्हणून अधिक प्रणालींचा खरा लाभ उंच इमारतींच्या दाटीत होतो. भारताच्या नाविक प्रणालीचे उपग्रह आपल्या प्रदेशावरून आकाशात उंच दिसतात, त्यामुळे ती अशा ठिकाणी विशेष उपयोगी पडावी. तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सोडण्यात आला. परंतु पहिल्या पिढीतील काही उपग्रहांची परदेशी अणुघड्याळे निकामी झाली. मे २०२३ मध्ये स्वदेशी अणुघड्याळ असलेला एनव्हीएस-०१ कक्षेत गेला, तर जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ नियोजित कक्षेपर्यंत पोहोचू शकला नाही. राष्ट्रीय सामर्थ्य म्हणून या प्रणालीचे मोल निर्विवाद आहे; पण केवळ खोक्यावर तिचे नाव छापले आहे म्हणून ग्राहकाने जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.

स्वतंत्र यंत्र आणि फोन यांच्यातील एक फरक मात्र येथेच दिसतो. उपग्रह आपल्या कक्षेचा तपशील दर ३० सेकंदांनी एकदा पूर्ण सांगतो, आणि सर्व उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक सांगण्यास त्याला साडेबारा मिनिटे लागतात. फोन हीच माहिती मोबाइलच्या जाळ्यावरून क्षणात मिळवितो. बरेच दिवस बंद ठेवलेले स्वतंत्र यंत्र परगावी प्रथम सुरू केले की काही मिनिटे गप्प बसते, ते यामुळे. तो बिघाड नव्हे. उलटपक्षी, जेथे जाळेच नाही तेथे नकाशा पोटात बाळगणारे यंत्र अधिक भरवशाचे ठरते; फोनवरही नकाशा आधी उतरवून ठेवता येतो, पण बहुतेकांना ते आठवते घाट लागल्यावर.

बिंदूपासून रस्त्यापर्यंत

उपग्रहांकडून मिळतो तो एक बिंदू. हा बिंदू नकाशावरील कोणत्या रस्त्यावर बसवायचा हे यंत्रातील आज्ञावली ठरवते. मोटारीची दिशा, वेग आणि काही क्षणांपूर्वीचे स्थान पाहून ती जवळचा योग्य रस्ता निवडते. खुल्या महामार्गावर हे सोपे असते. उड्डाणपुलावर मात्र वरचा व खालचा रस्ता एकाच अक्षांश-रेखांशावर असतो, आणि उंचीच्या मापनातील चूक आडव्या चुकीपेक्षा नेहमीच जास्त असते. महामार्ग आणि त्याला समांतर सेवा रस्ता यांच्यातही हीच अडचण येते. दिल्ली असो की चेन्नई, चालक पुलावर असताना यंत्र त्याला पुलाखालच्या चौकात वळावयास सांगते, याचे मूळ येथे आहे. बोगद्यात तर उपग्रह दिसतच नाहीत. हिमाचल प्रदेशातील अटल बोगदा सुमारे ९ किलोमीटर लांबीचा आहे. तेवढा वेळ यंत्राला मागील वेगावरून अंदाजच बांधावा लागतो. मोटारीतच बसवून आलेल्या यंत्राला चाकांच्या फेऱ्यांची माहिती मिळते, म्हणून त्याचा अंदाज अशा ठिकाणी सरस ठरतो.

मार्ग निवडताना यंत्र प्रत्येक रस्त्याच्या तुकड्याला लागणारा वेळ जमेस धरते आणि एकूण वेळ सर्वांत कमी होईल असा क्रम शोधते. येथे गणित कधीच कमी पडत नाही. कमी पडते ती तुकड्यांविषयीची माहिती. रस्ता एकेरी आहे का, तेथे उजवीकडे वळण्यास मनाई आहे का, पूल अवजड वाहन पेलेल का, हे सर्व कोणीतरी नोंदवावे लागते. कोलकात्यातील काही एकेरी रस्त्यांची दिशा दुपारी उलटते. जे यंत्र ही वेळ जाणत नाही, ते दिवसाचा अर्धा भाग बिनचूक आणि उरलेला अर्धा भाग चालकाला दंड भरायला लावणारे ठरेल.

नकाशाचे अर्थशास्त्र

नकाशा तयार करण्याचा खर्च प्रचंड आणि त्याची आणखी एक प्रत काढण्याचा खर्च जवळपास शून्य. अशा वस्तूची किंमत कशी ठरावी, हा अर्थशास्त्रातील जुना पेच आहे. दिशादर्शक यंत्रांच्या उद्योगाने त्याचे उत्तर अवघ्या सात-आठ वर्षांत दोन टोकांनी दिले. २००८ मध्ये नेदरलँड्समधील टॉमटॉम या यंत्रनिर्मात्या कंपनीने टेली अ‍ॅटलास ही नकाशा कंपनी सुमारे २९० कोटी युरोंना, तर नोकियाने नॅव्हटेक ही कंपनी सुमारे ८१० कोटी डॉलरना विकत घेतली. यंत्र बनविणाऱ्यांना कळून चुकले होते की, ग्राहक पैसे देतो ते नकाशासाठी. पण ऑक्टोबर २००९ मध्ये गूगलने अमेरिकेत फोनवर वळणागणिक मार्गदर्शन विनामूल्य देण्याचे जाहीर केले, आणि यंत्रनिर्मात्या कंपन्यांचे समभाग त्याच दिवशी कोसळले. काही महिन्यांत नोकियानेही आपली सेवा मोफत केली. २०१५ मध्ये नोकियाने आपला नकाशा व्यवसाय ऑडी, बीएमडब्ल्यू आणि डायम्लर या मोटार कंपन्यांना विकला तेव्हा हाती आले सुमारे २८० कोटी युरो.

विनामूल्य याचा अर्थ खर्चावाचून असा नव्हे. फोनवरील नकाशाचा खर्च जाहिराती आणि वापरणाऱ्यांच्या हालचालींची माहिती यांतून भरून निघतो. कोणत्या रस्त्यावर वाहने खोळंबली आहेत हे कळते, ते हजारो चालकांचे फोन स्वतःचा वेग कळवीत असतात म्हणूनच. स्वतंत्र यंत्र ही माहिती सहसा मागत नाही, आणि म्हणून देऊही शकत नाही. ज्याला आपला प्रवास दुसऱ्याच्या वहीत नोंदला जाऊ नये असे वाटते, त्याच्या दृष्टीने हा यंत्राचा गुण. ज्याला संध्याकाळी सहा वाजता बंगळुरू ओलांडावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने हाच दोष.

भारतातील परिस्थितीला आणखी एक पदर आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ मधील. इतकी जुनी परंपरा असूनही तपशीलवार नकाशे दीर्घकाळ सुरक्षेच्या कारणास्तव सामान्य नागरिकाच्या हाती येत नव्हते. शिवाय जुने नकाशे १८३० च्या एव्हरेस्ट लंबगोलावर आधारलेले होते, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ हा वेगळा पाया वापरते. एकाचा बिंदू दुसऱ्यावर तसाच मांडला तर शंभर मीटरच्या आसपास वा त्याहून अधिक फरक पडू शकतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि नागरी वापरासाठी दुसरी अशा दोन मालिका केल्या व नागरी मालिकेसाठी डब्ल्यूजीएस-८४ हा पाया स्वीकारला. या मधल्या काळात खासगी कंपन्यांनी रस्तोरस्ती माणसे हिंडवून स्वतःचे माहितीसाठे उभे केले. दिल्लीच्या मॅपमायइंडियाचे नाव त्यांत ठळक आहे. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी लागणारी पूर्वपरवानगी रद्द केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले. पंतप्रधान ग्रामसडक योजनेतील रस्त्यांचा माहितीसाठाही २०२२ मध्ये सर्वांसाठी खुला करण्यात आला. देशातील सुमारे ६३ लाख किलोमीटर रस्त्यांपैकी राष्ट्रीय महामार्ग जेमतेम दीड लाख किलोमीटर आहेत. महामार्ग सर्वच कंपन्या व्यवस्थित दाखवितात. नकाशाची खरी परीक्षा उरलेल्या ग्रामीण व नागरी रस्त्यांवर होते, आणि तेथे शासनाने गोळा केलेली माहिती खुली होणे हे कोणत्याही नव्या उपग्रहापेक्षा अधिक परिणामकारक आहे.

पत्त्याचा गुंता

नकाशा अचूक असला तरी पत्ता सापडावयास हवा. पाश्चात्त्य देशांत बनलेली यंत्रे शहर, रस्ता आणि घर क्रमांक या क्रमाने विचारत. भारतात हा साचा चंदीगडसारख्या आखीव शहरात थोडाफार चालतो. केरळात घर त्याच्या नावाने ओळखले जाते. बंगळुरूत ‘पाचवा क्रॉस’ प्रत्येक वसाहतीत असतो. आणि देशाच्या फार मोठ्या भागात पत्ता म्हणजे ‘मारुती मंदिरामागे, पिठाच्या गिरणीसमोर’. शिवाजीनगर पुण्यात आहे, मुंबईत आहे आणि बंगळुरूतही आहे. गुडगाव २०१६ मध्ये गुरुग्राम झाले, अलाहाबाद २०१८ मध्ये प्रयागराज झाले; चांगल्या यंत्राला दोन्ही नावे ठाऊक हवीत आणि रोमन लिपीतील चार प्रकारची स्पेलिंगेही उमजावयास हवीत.

पत्त्याला अंकांची शिस्त लावण्याचा मोठा प्रयत्न टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केला. त्यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू झाला. तो टपालाच्या थैल्या योग्य कचेरीत पोहोचविण्यासाठी होता, दारापर्यंत नव्हे. एका पिनकोडात हजारो घरे येतात. मे २०२५ मध्ये टपाल विभागाने डिजिपिन ही दहा अक्षरांकांची पद्धत जाहीर केली. तिने साऱ्या देशाचे सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडले आहेत. यंत्रनिर्मात्यांनी ती स्वीकारली तर ‘गिरणीसमोर’ची अडचण बरीच कमी होईल. मात्र चौकोन घराचे स्थान सांगतो, घराचे दार कोणत्या रस्त्यावर उघडते ते सांगत नाही. रुग्णवाहिकेला दुसरी गोष्ट अधिक हवी असते.

प्रत्यक्ष परीक्षण

यंत्राची परीक्षा परक्या गावी घेण्यात अर्थ नाही, कारण तेथे ते चुकले हे कळावयास बराच उशीर होतो. ज्या परिसराची खडान्‌खडा माहिती आहे तेथेच ती घ्यावी. दहा ठिकाणे निवडावीत आणि ती मुद्दाम अवघड निवडावीत : गावठाणातील जुनी गल्ली, दोन वर्षांत उभी राहिलेली वसाहत, जवळचे खेडे, रुग्णालयाचे तातडीच्या विभागाकडील प्रवेशद्वार, एकाच नावाची दोन ठिकाणे. किती सापडली, सापडलेल्यांपैकी किती दारापाशी नेतात आणि किती मागच्या भिंतीपाशी सोडतात, याची नोंद करावी. मग जाणूनबुजून मार्ग चुकवावा आणि नवा मार्ग सुचविण्यास किती वेळ लागतो ते पाहावे. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार दोन सेकंदांत सुमारे ५५ मीटर पुढे जाते. सूचना एवढ्या उशिरा आली तर वळण मागे पडते. आवाज स्पष्ट असेल तर पडद्याकडे पाहावे लागत नाही, म्हणून यंत्र स्थानिक नावे कशी उच्चारते हे ऐकावे. काही यंत्रांचे मराठी वा तमीळ नावांचे उच्चार ऐकून चालकाचे लक्ष विचलित होण्याचीच भीती अधिक! ऑक्टोबर २०२० पासून मोटार वाहन नियमांनी चालकाला हातातील उपकरण केवळ मार्ग पाहण्यासाठी, तेही एकाग्रता न ढळता, वापरण्याची मुभा दिली आहे. बोलणाऱ्या यंत्राची उपयुक्तता या अटीत सामावलेली आहे.

खर्चाचा हिशेब प्रत्येकाचा वेगळा. समजा, यंत्र १२,००० रुपयांचे आहे, चार वर्षे टिकते आणि नकाशा अद्ययावत करण्यास दरवर्षी १,५०० रुपये पडतात; म्हणजे वर्षाला ४,५०० रुपये. एखादे कुटुंब वर्षात ४० वेळा अपरिचित ठिकाणी जाते आणि प्रत्येक वेळी दहा मिनिटे वाचतात असे मानले, तर वर्षाकाठी पावणेसात तासांहूनही कमी वेळ वाचतो. वाचलेला प्रत्येक तास पावणेसातशे रुपयांना पडला. टॅक्सीचालकाच्या रोजच्या सहा फेऱ्यांत प्रत्येकी तीन मिनिटे वाचली, तर ३०० दिवसांत ९० तास होतात, आणि त्याला तोच तास ५० रुपयांना पडतो. आकडे कल्पित आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपले घालावेत. यात नकाशाच्या वार्षिक शुल्काची ओळ गाळू नये. विक्रेता ती सहसा शेवटी सांगतो, आणि शुल्क थकले की उत्तम यंत्रही दोन-तीन वर्षांत जुन्या गावाचा नकाशा दाखवू लागते.

जुन्या नकाशाची किंमत केवळ वेळाची नसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील बरेलीजवळ रामगंगेवरील पुलावरून एक मोटार नदीत कोसळली आणि तिघांचा मृत्यू झाला. पुलाचा पुढील भाग आधीच पुरात वाहून गेला होता. फोनवरील नकाशात तो बदल नोंदलेला नव्हता, आणि पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अडथळे वा इशाऱ्याचे फलकही नव्हते, असे पोलिसांनी त्या वेळी सांगितले. येथे यंत्राच्या दोषाची चर्चा पुष्कळ झाली. पण नकाशा कंपनीला पूल तुटल्याचे कळावे कसे? नव्या रस्त्यावरून वाहने धावू लागली की त्यांच्या फोनवरून तो आपोआप उमगतो. बंद पडलेला, वर्दळ नसलेला रस्ता मात्र गप्प असतो. त्याविषयी बोलू शकते ती फक्त त्या रस्त्याची मालक असलेली यंत्रणा.

इंग्लंडमध्ये २०२० पासून रस्त्यावरील कामांची नोंद एका मध्यवर्ती संगणक प्रणालीत करावी लागते आणि ती माहिती नकाशा कंपन्यांना खुली असते. भारतात अशी व्यवस्था उभी करण्यात मुख्य अडसर तंत्राचा नाही. आपले रस्ते राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, राज्यांची बांधकाम खाती, जिल्हा परिषदा, ग्रामपंचायती आणि नगरपालिका यांच्यात वाटलेले आहेत. काही रस्ते एका खात्याकडून दुसऱ्याकडे जातात आणि त्याबरोबर त्यांचे नाव व क्रमांकही बदलतो. तुटलेल्या पुलाची नोंद सर्व यंत्रांना त्याच दिवशी वाचता यावी यासाठी प्रथम प्रत्येक पुलाला आणि रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला मालक बदलला तरी न बदलणारा असा एक कायम क्रमांक द्यावा लागेल, आणि तो रस्ता बंद करण्याच्या आदेशावर लिहिण्याची सवय कनिष्ठ अभियंत्यापर्यंत पोहोचवावी लागेल.